शस्त्रक्रियेनंतर उघडी ठेवलेली छाती : चोवीस दिवसांच्या एका बाळाचे प्रकरण

अर्भकाच्या हृदयावरील मोठी शस्त्रक्रिया संपल्यावर छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, लगेच न बांधता काही तास किंवा काही दिवस उघडे ठेवावे लागण्याचे प्रसंग येतात. उघडे ठेवण्याचा निर्णय बहुतेक वेळा परिस्थितीच घ्यायला लावते; छाती बंद करण्याची वेळ मात्र आपल्यालाच ठरवावी लागते आणि खरी कसोटी तिथे लागते. म्हणून या लेखाचा भर त्या दुसऱ्या निर्णयावर आहे. येथे वर्णन केलेले बाळ कोणा एका घरचे नाही. कोणाची ओळख पटू नये आणि मुद्दे एका ओघात मांडता यावेत, यासाठी अशा बाळांच्या उपचारात वारंवार दिसणारे प्रसंग व आकडे एकाच प्रकरणात गुंफले आहेत.

बाळ आणि त्याचा आजार

बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कामगार कुटुंबातला हा मुलगा. जन्माच्या वेळी त्याचे वजन २.८ किलो होते, रडणे चांगले होते आणि तिसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन घरी गेली. वडील हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात गेलेले, आई आणि आजी गावी. दूध पिताना बाळ थांबते, त्याला घाम येतो, हे आजीच्या लक्षात आले होते. पण सावळ्या रंगामुळे ओठांची निळसर छटा चटकन जाणवत नव्हती. एकविसाव्या दिवशी गृहभेटीला आलेल्या आशाताईंनी नखे पाहिली आणि त्याच दिवशी बाळाला जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे रक्तातील ऑक्सिजनची पातळी ६१ टक्के निघाली आणि नाकाशी ऑक्सिजन धरूनही ती फारशी वाढली नाही. जन्मानंतर चोवीस तासांनी उजवा हात आणि पाय यांना पल्स ऑक्सिमीटर लावून पाहिला असता, तर हा आजार बहुधा पहिल्याच आठवड्यात हाती लागला असता. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि प्रत्येक प्रसूतिगृहात ती व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

बाळाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा जन्मतःच उलटी होती. महाधमनी उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) आणि फुफ्फुसधमनी डाव्या निलयातून निघत होती. त्यामुळे शरीरातून आलेले अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच जात होते आणि फुफ्फुसात शुद्ध झालेले रक्त पुन्हा फुफ्फुसातच. वरच्या दोन कप्प्यांमधल्या छोट्या छिद्रातून जे थोडे रक्त मिसळत होते, त्यावर बाळ तग धरून होते. मोठ्या शहरातील बालहृदयरोग केंद्रात पोहोचल्यावर फुगा असलेली नळी घालून ते छिद्र मोठे करण्यात आले. विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही अशा बाळांना शस्त्रक्रियेपर्यंत सुखरूप नेते. ऑक्सिजनची पातळी ७८ टक्क्यांवर आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे तयार होईपर्यंत दोन दिवस गेले आणि चोविसाव्या दिवशी २.९ किलो वजनाचे बाळ शस्त्रक्रियेसाठी घेतले गेले.

या आजारात उशीर का भोवतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. जन्मानंतर फुफ्फुसातील रक्तदाब उतरत जातो. या बाळांचे डावे निलय फुफ्फुसाकडे रक्त ढकलत असल्याने त्याला दिवसेंदिवस कमी दाबाविरुद्ध काम करावे लागते आणि काही आठवड्यांतच त्याची भिंत पातळ पडू लागते. शस्त्रक्रियेत वाहिन्यांची अदलाबदल झाली की त्याच क्षणापासून त्या सवय मोडलेल्या निलयाला सगळ्या शरीराचा रक्तदाब पेलावा लागतो. या बाळाच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दोन निलयांमधला पडदा आधीच डावीकडे झुकलेला दिसत होता. थोडक्यात, निलयाची ताकद उतरणीला लागली होती, पण शस्त्रक्रियेची संधी अजून गेलेली नव्हती.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

धमन्यांची अदलाबदल करणारी ही शस्त्रक्रिया ब्राझीलमधील साओ पावलो येथे अदिब जतेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केली. महाधमनी आणि फुफ्फुसधमनी छेदून त्यांची जागा बदलायची आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या हृद्धमन्या सोडवून नव्या महाधमनीला जोडायच्या, असे तिचे स्वरूप आहे. या बाळात हृद्धमन्यांची ठेवण नेहमीची होती आणि जोडणी नीट झाली. हृदय-फुफ्फुस यंत्रावरचा एकूण वेळ १६२ मिनिटे आणि महाधमनीला चिमटा लावलेला वेळ ९६ मिनिटे होता.

यंत्राचा परिणाम इथे मुद्दाम मोजून पाहायला हवा. २.९ किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे २४५ मिली रक्त असते आणि यंत्राच्या नळ्या व ऑक्सिजनेटर भरायलाच ३०० मिली द्रव लागला होता. म्हणजे बाळाच्या स्वतःच्या रक्तापेक्षा जास्त परका द्रव त्याच्या रक्तात मिसळला. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाशी आलेला संपर्क, शरीर थंड करून पुन्हा तापवणे आणि हृदय थांबवून ठेवणे या सगळ्यांमुळे दाहाची प्रतिक्रिया उसळते, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि ते पाणी हृदयाच्या स्नायूत, फुफ्फुसांत, छातीच्या भिंतीत साचते. यंत्र बंद केल्यावर गाळणीतून जादा पाणी काढले, तरी हृदय डोळ्यांनाही फुगलेले दिसत होते.

अॅड्रिनलिन आणि मिल्रिनोन या हृदयाला जोर देणाऱ्या औषधांच्या आधारावर वरचा रक्तदाब ६४ होता आणि डाव्या अलिंदातला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातला, दाब ९. रक्तस्राव आटोक्यात आल्यावर शल्यविशारदांनी छाती फाकवून धरणारा रिट्रॅक्टर काढला आणि उरोस्थीच्या दोन्ही कडा बोटांनी सावकाश जवळ आणल्या. पडद्यावरची रक्तदाबाची लाट दहा-पंधरा ठोक्यांतच बुटकी झाली. दाब ६४ वरून ४३ वर उतरला, डाव्या अलिंदातला दाब १६ वर चढला, श्वास तेवढाच देत असताना श्वासमार्गातील कमाल दाब २० वरून २७ वर गेला. कडा सोडताच एका मिनिटात रक्तदाब ६१ आणि अलिंदातला दाब १० झाला.

अलिंदातला दाब वाढला म्हणजे हृदय जास्त भरले, असा अर्थ सवयीने काढला जातो. इथे नेमके उलटे घडत होते. छातीची भिंत बाहेरून दाबत असल्याने मोजलेला दाब वाढला, पण आत शिरणारे रक्त कमी झाले. नवजात बाळाचे हृदय ताठर असते आणि एका ठोक्यात फेकले जाणारे रक्त वाढवण्याची त्याची कुवत मर्यादित असते, त्यामुळे थोडेसे दडपणही त्याला सोसत नाही. छाती बंद केल्याने हृदय दाबले जाते, हे निरीक्षण रियाही आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच नोंदवले होते.

तरीही कडा सोडल्यावर दाब सुधारला एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. या शस्त्रक्रियेत फुफ्फुसधमनी महाधमनीच्या पुढे आणली जाते आणि ती थेट उरोस्थीच्या मागे बसते. छाती बंद होताना ती महाधमनीवर आणि नव्याने जोडलेल्या हृद्धमन्यांवर रेलू शकते. हृद्धमनी मुरडली असेल, तर छाती उघडी ठेवल्याने लक्षण झाकले जाईल आणि मूळ दोष तसाच राहील. म्हणून अन्ननलिकेतून इको करून दोन्ही हृद्धमन्यांतील प्रवाह पाहिला, ईसीजीतील एसटी भाग (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्यास बदलणारा) तपासला, डाव्या निलयाच्या कोणत्या भिंतीची हालचाल मंदावली आहे का, हे पाहिले. एकूण आकुंचन कमी होते, पण कोणताही एक भाग वेगळा पडलेला नव्हता. सूज आणि थकलेले निलय हेच कारण आहे, अशी खात्री पटल्यावरच छाती उघडी ठेवण्याचे ठरले. माझ्या मते या टप्प्यावर खर्च केलेली दहा मिनिटे सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाची असतात.

सिरिंजच्या नळीचा कापून गुळगुळीत केलेला तुकडा दोन कडांच्या मध्ये आडवा बसवून त्या एकमेकींपासून दूर राहतील अशी व्यवस्था केली. त्वचेच्या कडांना गोअर-टेक्सचा पातळ पडदा सभोवार शिवला आणि त्यावर आयोडीनयुक्त चिकट आवरण लावले. पोटात डायलिसिसची बारीक नळी त्याच वेळी घालून ठेवली.

अतिदक्षता विभागात

बाळ विभागात आले, तेव्हा रक्तातले लॅक्टेट ७.२ होते; शरीराला रक्त व ऑक्सिजन कमी पडला की ते वाढते. पहिल्या सहा ते बारा तासांत हृदयाची ताकद आणखी घसरते, हे ठाऊक असल्याने त्या रात्रीची सगळी आखणी त्या घसरणीच्या तयारीची होती. फेंटानिल या गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकाची धार चालू होती, स्नायू शिथिल ठेवले होते, तापमान ३६ अंशांच्या आसपास होते. कॉटवर ‘छाती उघडी आहे’ अशी ठळक पाटी लावली, कारण अशा बाळाला काखेत हात घालून उचलायचे नसते आणि हृदय थांबल्यास छातीवर बाहेरून दाबण्याऐवजी पडदा उघडून आतून मसाज द्यावा लागतो. त्यासाठीचा निर्जंतुक संच उशाशीच ठेवला होता. बाळाला कुशीवर वळवता येत नसल्याने डोक्याच्या मागे दाबाची जखम होऊ नये, म्हणून परिचारिका दर दोन तासांनी डोके अलगद उचलून जेलची गादी सरकवत होत्या. अशा कामाची नोंद शोधनिबंधांत क्वचित होते, पण त्याच्याविना हे चार दिवस निभावले नसते.

त्या पडद्याकडे पाहायला शिकावे लागते. हृदयाच्या ठोक्याबरोबर तो हलतो. थोडा आत बसलेला, सैल पडदा दिलासा देतो. ताणून वर आलेला पडदा धोक्याची सूचना असतो. नवव्या तासाला रक्तदाब ५८ वरून ४५ वर आला आणि दोन्ही अलिंदांतले दाब १४ वर येऊन सारखे झाले. तोवर तासाला नऊ मिली वाहणारी, साचलेले रक्त बाहेर काढणारी छातीतली नळी एक मिलीवर येऊन थांबली होती आणि पडदा घुमटासारखा वर आला होता. छाती उघडी आहे म्हणजे हृदयावर दडपण येणारच नाही, हा समज घातक आहे, कारण पडद्याखाली गुठळी साचली की परिणाम तोच होतो. शल्यविशारदांनी खाटेवरच पडदा एका कडेने उसवला आणि उजव्या अलिंदामागे साचलेली गुठळी काढली. पडदा पुन्हा शिवून होईपर्यंत रक्तदाब ६० वर परतला होता. हाड बांधलेले असते, तर इतक्या झटपट आत पोहोचता आले नसते.

पाणी काढणे हा त्यापुढचा मुख्य उपचार होता. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलीच होत असल्याने सहाव्या तासापासूनच पोटातले डायलिसिस सुरू केले होते, एका वेळी किलोमागे १० मिली द्रव आत घालून तासाभराच्या चक्राने बाहेर काढायचा. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची धार बाराव्या तासानंतर जोडली. दरम्यान रक्तदाब थोडा उतरला की द्रव देण्याचा मोह होतो. इथे एकदा किलोमागे ५ मिली अल्ब्युमिन दिल्यावर रक्तदाब दोनने वाढला आणि डाव्या अलिंदातला दाब १० वरून १५ वर गेला. पातळ पडलेल्या निलयाला जास्तीचे रक्त पेलत नाही, हे त्या एका मात्रेने स्पष्ट केले आणि पुढे दाबासाठी द्रवाऐवजी औषधांचाच आधार घेतला गेला.

पहिल्या रात्री आजी विभागाच्या दाराशी येऊन म्हणाल्या, “लेकराची छाती उघडीच ठेवलीय म्हनं, टाके घालायचे ऱ्हायले का?” या प्रश्नात रागापेक्षा भीती अधिक होती. ड्यूटीवरच्या परिचारिकेने त्यांना बाजूला बसवून सांगितले, “आजी, टाके राहिले नाहीत. हरभरे भिजत घातले की फुगतात, मग त्याच डब्याला झाकण बसत नाही ना? तसं बाळाचं हृदय सुजलंय. जबरदस्तीनं झाकण लावलं तर ते दबंल. सूज उतरली की डॉक्टर बंद करणार आहेत.” आजींना ते पटले. दुसऱ्या दिवशी वडील ऊसतोडीवरून आल्यावर आजींनीच त्यांना हे समजावून सांगितले.

चव्वेचाळिसाव्या तासाचा प्रयत्न

दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत चित्र बरेच निवळले होते. लॅक्टेट १.८ झाले होते, हृदयाची लय स्थिर होती, अॅड्रिनलिनची मात्रा निम्म्यावर आली होती. दुसरीकडे, एकूण हिशेबात बाळाच्या अंगात अजून १६० मिली पाणी जास्तीचे होते, पापण्या सुजलेल्या होत्या आणि श्वासमार्गातील कमाल दाब २४ होता. छाती जितके दिवस उघडी, तितका संसर्गाचा धोका वाढतो, व्हेंटिलेटर आणि गुंगीची औषधे लांबतात, हा विचारही रास्त होता. म्हणून चाचणी घेऊन पाहायचे ठरले. बाळाला हलवणे जोखमीचे असल्याने अशी चाचणी खाटेवरच, पण शस्त्रक्रियागृहाच्या सर्व नियमांनी केली जाते.

कडा एकत्र आणल्यावर पहिली पाच मिनिटे रक्तदाब ६२ वर टिकला. चाचणी तेवढ्यावर आटोपली असती, तर हाड बांधलेही गेले असते. पण दोरे गाठ न मारता नुसते ताणून धरायचे आणि किमान वीस मिनिटे पाहायचे, असा या पथकाचा नियम होता. बाराव्या मिनिटाला रक्तदाब ५३, डाव्या अलिंदातला दाब १४ आणि हृदयाची गती १७८ झाली. पंधराव्या मिनिटाच्या इकोमध्ये उजवे निलय नीट भरत नसल्याचे दिसले. कडा सोडून नवा पडदा शिवला.

अशा वेळी नुसती त्वचा शिवून हाड तसेच ठेवण्याचा मधला मार्गही असतो. त्याने जंतूंना अटकाव होतो आणि हृदयाला थोडी जागा मिळते. इथे त्वचाही ताणल्याशिवाय जुळत नव्हती, म्हणून तो सोडून दिला. या चाचणीला अपयश म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. लॅक्टेट, लय आणि औषधे या तिन्ही गोष्टी अनुकूल असूनही हृदयाला जागा का पुरत नाही, याचे उत्तर तिने दिले. अडसर पाण्याचाच होता.

चौथा दिवस

पुढचे दोन दिवस त्या उत्तरावर काम झाले. डायलिसिसच्या द्रवातील ग्लुकोजचे प्रमाण वाढवले, आत जाणाऱ्या प्रत्येक औषधाचे प्रमाण कायम ठेवून त्याचा द्रव कमी केला, अगदी नळ्या धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सलाइनचाही हिशेब ठेवला. २.९ किलोच्या बाळात दिवसाला वीस-तीस मिली पाणी अशा धुण्यांतूनच जाते आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एक्याण्णवाव्या तासाला एकूण हिशेब उणे १२० मिली झाला. पापण्या उतरल्या होत्या, हाताच्या पाठीवर त्वचेच्या सुरकुत्या दिसू लागल्या होत्या, फुफ्फुसांचा एक्स-रे स्वच्छ होता आणि पडदा आत बसून सैल हलत होता.

कडा पुन्हा जुळवल्या, तेव्हा रक्तदाब ६८ वरून ६३ वर आला आणि तिथेच राहिला. डाव्या अलिंदातला दाब ७ वरून ९ झाला, श्वासमार्गातील कमाल दाब २० वरून २३. एवढा बदल अपेक्षितच असतो, कारण छातीची भिंत जागेवर आली की फुफ्फुसांनाही थोडे दडपण जाणवते. त्यासाठी व्हेंटिलेटरचा दाब दोनने वाढवला. अर्धा तास पाहून, हृद्धमन्यांतील प्रवाह इकोवर पुन्हा तपासून, छातीची पोकळी कोमट सलाइनने धुतली, जंतुपरीक्षेसाठी नमुना घेतला आणि उरोस्थी विरघळणाऱ्या जाड दोऱ्यांनी बांधली. पुढचे सहा तास अॅड्रिनलिन थोडे वाढवून ठेवले, कारण छाती बंद झाल्यावरचा ताण हळूहळूही जाणवू शकतो, हे चव्वेचाळिसाव्या तासाने दाखवले होते.

किती तासांनी छाती बंद करावी, असा प्रश्न शिकाऊ डॉक्टर नेहमी विचारतात. घड्याळाने त्याचे उत्तर देता येत नाही. एखाद्या बाळात चोवीस तासांतच सगळे जुळून येते, तर डाव्या बाजूच्या अविकसित हृदयावरील नॉरवूड शस्त्रक्रियेनंतर अनेक केंद्रे छाती मुळातच उघडी ठेवूनच बाहेर येतात आणि तिथला हिशेब वेगळा असतो. ‘अजून एक दिवस पाहू’ हे वाक्य मात्र कारणाशिवाय उच्चारले जाऊ नये. रोज सकाळी पाणी, लॅक्टेट, औषधांची मात्रा, श्वासमार्गातील दाब आणि पडद्याची अवस्था यांपैकी नेमके काय आडवे येते आहे, ते कागदावर लिहिले गेले, तर थांबण्याला अर्थ राहतो.

नंतरची वाटचाल

छाती बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर काढला. छातीतल्या नमुन्यात जंतू वाढले नाहीत. अकराव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाशी चार-पाच मिलिमीटरची कड सैल झाली होती, हाड स्थिर होते आणि ताप नव्हता. ती रोजच्या ड्रेसिंगने भरली. आईचे दूध आधी नळीने आणि मग अंगावर सुरू झाले. एकविसाव्या दिवशी ३.१ किलो वजनाचे बाळ घरी गेले. महिन्याभराच्या तपासणीत उरोस्थी घट्ट जुळलेली होती. तिसऱ्या महिन्याच्या इकोमध्ये डाव्या निलयाची भिंत जाड झालेली आणि आकुंचन चांगले दिसले. डाव्या फुफ्फुसधमनीच्या शाखेत प्रवाहाचा वेग थोडा वाढलेला आहे. या शस्त्रक्रियेनंतर शाखा महाधमनीवर ताणल्या जात असल्याने असे आढळते आणि त्यावर सहा महिन्यांनी पुन्हा लक्ष ठेवायचे आहे. लहान वयातील मोठी शस्त्रक्रिया आणि गुंगीच्या औषधांवर काढलेले दिवस यांचा विचार करून मान धरणे, बसणे, बोलणे या टप्प्यांची तपासणी नवव्या महिन्यात ठेवली आहे. तिची तारीख आशाताईंच्या नोंदवहीतही लिहून दिली आहे.

त्या विभागात आता शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतीच्या बोलण्यातच आईवडिलांना सांगितले जाते की छाती काही दिवस उघडी राहू शकते, बाळ तेव्हा कसे दिसेल, आणि बंद करण्याचा पहिला प्रयत्न मागे घ्यावा लागू शकतो. हे बोलणे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर व्हावे, असा आग्रह परिचारिकांनी धरला आणि तो मान्य झाला.